स्पोर्ट्स कारचा गेलेला बल्ब घरी कसा बदलायचा

डिसेंबरातली रात्र होती. गगनबावड्याहून परत येताना कळे मागं पडलं आणि कुडित्र्याच्या अलीकडं उसाच्या गाड्या लागायला सुरुवात झाली. हंगामात त्या रस्त्यानं गेलेल्या प्रत्येकाला हे चित्र माहीत आहे: ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यांच्याबाहेर हातभर आलेला ऊस आणि मागं एकही लाल दिवा नाही. माझ्या गाडीचा डाव्या बाजूचा डिपर, म्हणजे हेडलाईटचा खाली पडणारा जवळचा उजेड, त्याच दिवशी गेला होता. ‘उद्या बघू’ म्हणून मी तसाच निघालो होतो. डाव्या कडेला उभी असलेली ट्रॉली मला दिसली तेव्हा उसाचे शेंडे माझ्या आरशापासून वीतभर होते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजला फोन केला तर ‘शनिवारी आणा’ असं उत्तर आलं. तो दिवस सोमवार होता. त्या आठवड्यात मी पहिल्यांदा स्वतः बल्ब बदलला आणि तेव्हापासून स्वतःच्या व मित्रांच्या गाड्यांचे बाहेरचे दिवे घरीच बघतो. ज्यांनी आजवर बॉनेट फक्त पाणी भरायला उघडलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

दोन दारांची, जमिनीला टेकलेली गाडी असेल तर तुम्ही मुळातच खाली बसलेले असता. तुमचे दिवे खाली, डोळे खाली. ट्रकवाल्याला आणि ट्रॅक्टरवाल्याला वरून तुमची गाडी सहज दिसत नाही, त्याला दिसतो तो तुमचा दिवा. म्हणून अशा गाडीत एक टेललाईट बंद असणं हे उंच गाडीपेक्षा जास्त धोक्याचं आहे.

आधी कोणता गेलाय ते नक्की करा

अंधार पडल्यावर गाडी एखाद्या बंद शटरसमोर किंवा पार्किंगच्या भिंतीसमोर दोन-तीन मीटरवर उभी करा. पार्किंग लाईट, डिपर, अप्पर, फॉग, दोन्ही इंडिकेटर असं एकेक लावून भिंतीवर बघा. मग गाडी फिरवून पाठ भिंतीकडं करा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा. भिंतीवर दोन्ही बाजूंना सारखा लाल उजेड पडला पाहिजे. मधला तिसरा ब्रेकलाईट आणि नंबर प्लेटचा दिवा मात्र खाली उतरूनच बघावा लागतो; ब्रेक दाबायला घरातल्या कुणाला तरी बसवा.

इंडिकेटर एका बाजूला भराभर टिकटिकायला लागला तर त्या बाजूचा एक बल्ब गेलाय असं समजा. चांगला इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो. बल्ब गेला की करंट कमी जातो आणि गाडी टिकटिकीचा वेग वाढवून तुम्हाला कळवते.

दोन्ही बाजूंचा एकच दिवा एकदम गेला असेल तर बल्बकडं जाऊ नका. दोन बल्ब एकाच क्षणी जाणं दुर्मीळ आहे. फ्यूज, रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) किंवा स्विच बघा. तिन्ही ब्रेकलाईट बंद असतील तर बहुतेक वेळा पेडलजवळचा स्विच किंवा फ्यूज निघतो. आणि ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद लागतो किंवा पार्किंग लाईट लुकलुकतो, असं काही विचित्र दिसलं तर तो बहुधा अर्थिंगचा, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून परत जायच्या जोडणीचा दोष असतो. कोल्हापूरच्या चार महिन्यांच्या पावसात टेललाईटच्या होल्डरला हिरवा गंज धरलेला मी कितीतरी वेळा पाहिला आहे. तिथं नवा बल्ब घालून काही होत नाही. बारीक पॉलिश पेपरनं होल्डरच्या पत्त्या आणि अर्थिंगचा स्क्रू घासला की दिवा जागेवर येतो.

कोड वाचायला शिका

दुकानात जाऊन गाडीचं नाव सांगून बल्ब मागू नका. एकाच गाडीच्या दोन मॉडेलांत वेगळे बल्ब असतात. कोड जुन्या बल्बच्या बुडावर लिहिलेला असतो, गाडीच्या पुस्तकात असतो, आणि बऱ्याचदा हेडलाईटच्या मागच्या झाकणावरही असतो. जुना बल्ब खिशात घालून गेलात तर चुकायचा प्रश्नच नाही. लक्ष्मीपुरीत, उद्यमनगरात स्पेअर पार्टची दुकानं आहेत. तिथले जुने लोक बल्ब हातात घेतल्याबरोबर कोड सांगतात.

पुढच्या दिव्यांत सगळ्यांत जास्त भेटतात ते एच४ आणि एच७ हे हॅलोजन बल्ब. एच४ मध्ये एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, अप्परला ६० वॅट आणि डिपरला ५५ वॅट. एच७ ला एकच तार, ५५ वॅट. ज्या गाडीत डिपर-अप्पर वेगळे असतात तिथं तो असतो. एच१ आणि एच११ हेही ५५ वॅटचेच, पण बूड वेगळं, एकाच्या जागी दुसरा बसत नाही. मागं बहुतेक काचेचे गोल बल्ब: एकच तार असलेला पी२१डब्ल्यू, ब्रेक व टेल दोन्हींसाठी दोन तारांचा पी२१/५डब्ल्यू आणि इंडिकेटरचा नारिंगी पीवाय२१डब्ल्यू. नंबर प्लेटला आणि पार्किंगला छोटा काचेच्या बुडाचा डब्ल्यू५डब्ल्यू.

वॅट वाढवायचा मोह टाळा. मी एकदा ६०/५५ च्या जागी १००/९० चा एच४ घातला होता. दुकानदारानं ‘लई भारी उजेड पडतो’ म्हणून दिला आणि मी घेतला. १०० वॅटचा बल्ब १२ व्होल्टला साधारण ८.३ अँपिअर घेतो, ६० वॅटचा ५. वायर आणि कपलर (बल्बच्या मागं लागणारा वायरचा प्लग) मात्र कंपनीनं पाचाच्या हिशेबानं दिलेले असतात. तारेत उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती जवळपास पावणेतीन पट झाली. तीन महिन्यांनी कपलरचं प्लॅस्टिक वितळून बल्बच्या पत्त्यांना चिकटलं होतं. नवा कपलर जोडायला बल्बाच्या कितीतरी पट पैसे गेले.

हेडलाईटचे बल्ब जोडीनं घ्या. डावा गेला म्हणजे उजव्यानंही तेवढेच तास काढलेले असतात. तो बऱ्याचदा लवकरच मागोमाग जातो. मागचे बल्ब एकेक बदलले तरी चालतात, ते स्वस्त असतात.

तुमच्या गाडीत झेनॉन असेल, म्हणजे कोड ‘डी’नं सुरू होणारा, डी१एस, डी२एस असा, तर हा लेख तुमच्या हेडलाईटला लागू नाही. तो पेटवताना त्याला वीस हजार व्होल्टच्या वर झटका दिला जातो. ते काम माहितगाराकडंच द्या. एलईडीच्या हेडलाईटमध्येही बहुधा बदलायचा बल्ब नसतो, अख्खा लॅम्पच बदलावा लागतो. पण त्याच गाडीतले इंडिकेटर आणि नंबर प्लेटचे दिवे बघा, ते अनेकदा साधे बल्ब निघतात.

हाताशी काय हवं

पातळ रबरी हातमोजे, धुतलेला सुती कपडा, थोडं स्पिरिट, डोक्याला लावायची टॉर्च, स्टार स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क्स (सहा टोकांच्या) बिटांचा छोटा संच, प्लॅस्टिकची पट्टी आणि मास्किंग टेप. बायकांच्या पर्समधला छोटा आरसा मात्र खरंच घ्या. हेडलाईटच्या मागं हात जातो, डोळा जात नाही.

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चावी काढा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. हॅलोजनची काच इतकी तापलेली असते की लगेच हात लावला तर कातडी चिकटते.

हेडलाईट

बॉनेट उघडून हेडलाईटच्या मागं हात पोचतो का ते आधी बघा. पोचत असेल तर काम दहा मिनिटांचं. आधी गोल प्लॅस्टिकचं झाकण फिरवून किंवा रबरी टोपी ओढून काढा. मग कपलर काढा. कपलर धरून ओढायचा, वायर धरून कधीच नाही. तो सहज येत नसेल तर डावी-उजवीकडं थोडा हलवत ओढा. त्याच्यामागं तारेची स्प्रिंग असते. ती आत दाबायची, बाजूला सरकवायची आणि सोडायची. पहिल्यांदा करत असाल तर सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. ती स्प्रिंग परत कशी अडकवायची हाच प्रश्न प्रत्येक नवख्याला पडतो. एच११ असेल तर स्प्रिंग नसते, बल्ब पाव वळण फिरवला की बाहेर येतो.

नवा बल्ब काचेला हात न लावता धरा. काच साध्या काचेची नसते, क्वार्ट्झची असते. बोटाचं तेल तिला लागलं की त्या ठिकाणी ती जास्त तापते, काच कमकुवत होते आणि बल्ब लवकर जातो, कधी फुटतो. चुकून लागलंच तर स्पिरिटनं पुसून पूर्ण वाळू द्या.

आता खरं काम. बल्ब आत घालणं सोपं आहे, तो सरळ बसवणं हे कौशल्य. हेडलाईटच्या आतल्या चकचकीत आरशाचा (रिफ्लेक्टरचा) सगळा हिशेब बल्बमधली तार नेमकी कुठं आहे यावर बांधलेला असतो. तार दोन मिलिमीटर इकडं-तिकडं झाली तर उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एच४ च्या बुडाला तीन पत्त्या असतात, त्यातली एक रुंद. ती वरच्या खाचेत गेली पाहिजे. एच७ च्या चकतीची खाच लॅम्पच्या उंचवट्याशी जुळली पाहिजे. जुळल्यावर बल्ब बोटानं दाबला तर डुगडुगत नाही, चकती सगळीकडून टेकलेली लागते. पर्समधला छोटा आरसा धरून बघा. डुगडुगत असेल तर तो तिरका बसलाय. स्प्रिंगनं जोरात आवळून तो सरळ होत नाही. काढून परत बसवा.

हात पोचत नसेल, आणि खाली बसलेल्या गाड्यांत बऱ्याचदा पोचत नाही, तर रस्ता चाकाच्या बाजूनं असतो. डाव्या लॅम्पसाठी स्टिअरिंग पूर्ण उजवीकडं फिरवा, म्हणजे डाव्या चाकाच्या पुढची जागा मोकळी होते. चाकावरच्या प्लॅस्टिकच्या अस्तराचे दोन-चार स्क्रू किंवा खिट्ट्या काढल्या की अस्तर वाकवून हात घालता येतो. काही गाड्यांत तिथं छोटं झाकणच दिलेलं असतं. गाडी उचलावी लागली तर जॅक कंपनीनं दाखवलेल्या जागीच लावा आणि स्टँडशिवाय खाली हात घालू नका.

काही स्पोर्ट्स कार मात्र यापेक्षा कितीतरी सोप्या आहेत, फक्त ते माहीत असावं लागतं. माझ्या मित्राकडं जुनी पोर्शे बॉक्स्टर आहे, ९८६ पिढीतली. ती गाडी १९९६ ते २००४ या काळात बनत होती. इंजिन सीटच्या मागं असल्यामुळं पुढंही एक डिकी आहे. हेडलाईट आणि इंडिकेटर एकाच काचेखाली. आम्ही दोघं अर्धा तास बंपर कसा काढायचा याची चर्चा करत होतो. मग त्यानं पुस्तक उघडलं. पुढच्या डिकीतलं कडेचं कार्पेट मागं सारलं की आत एक जागा दिसते, गाडीबरोबर आलेला लांब पाना तिथं घालून फिरवायचा. खट् असा आवाज झाला आणि अख्खा लॅम्प खणातून ड्रॉवर सरकावा तसा पुढं आला. मागचा कपलर आपोआप सुटला, एक वायरसुद्धा हातानं काढावी लागली नाही. टेबलावर टॉवेल टाकून, बसून, चहा पीत बल्ब बदलला. बसवताना लॅम्प पूर्ण आत गेला की पाना उलटा फिरवायचा आणि मग लॅम्प हातानं ओढून बघायचा. तो हलला तर खटका लागलेला नाही. बंपरच्या कडेला आधी मास्किंग टेप लावली होती, नाहीतर लॅम्प काढताना रंगाला ओरखडा गेलाच असता.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडीचं पुस्तक वाचा. ‘बल्ब बदलणे’ हे प्रकरण त्यात बहुतेक वेळा असतं.

मागची बाजू

मागचे दिवे सोपे. डिकी उघडली की अस्तरात छोटं झाकण असतं, नाहीतर कडेला एक-दोन स्क्रू असतात. ते काढले की टेललाईट सरळ मागं ओढून निघते. वाकडी ओढली तर बाजूच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या मोडतात, आणि त्या वेगळ्या मिळत नाहीत. बल्ब आत दाबून डावीकडं फिरवला की बाहेर येतो.

पी२१/५डब्ल्यू कडं नीट बघा. त्याच्या बुडाला दोन बाजूंना दोन टोचे असतात, पण एक वर आणि एक खाली. होल्डरमध्येही खाचा तशाच आहेत. उलटा धरून जोर केला तर जुन्या, सैल होल्डरमध्ये तो बसतोही. मग पार्किंग लाईट लावल्यावर २१ वॅटची तार पेटते आणि ब्रेक दाबल्यावर ५ वॅटची. मागून येणाऱ्याला तुम्ही सतत ब्रेक दाबल्यासारखे दिसता, आणि खरंच ब्रेक दाबाल तेव्हा काहीच वेगळं दिसत नाही. एका मित्राची गाडी अशी आठवडाभर फिरत होती. म्हणून बसवल्यावर पार्किंग आणि ब्रेक दोन्ही लावून, मागं उभं राहून, दोन्ही बाजूंचा उजेड सारखा आहे का ते बघितल्याशिवाय स्क्रू आवळू नका.

नारिंगी इंडिकेटर बल्बाचे टोचे समोरासमोर नसतात, थोडे एका बाजूला सरकलेले असतात. पांढरा बल्ब तिथं बसू नये म्हणूनच ते तसं केलंय. बसत नसेल तर बल्ब चुकीचा आणलाय, टोचा कानशीनं घासू नका.

जुना बल्ब फेकण्याआधी उजेडात धरा. तार तुटलेली आणि काच काळपट असेल तर त्याचं आयुष्य संपलेलं होतं. काच आतून दुधासारखी पांढरी झाली असेल तर बल्बमध्ये हवा शिरली होती. एकाच बाजूचे बल्ब वारंवार जात असतील तर होल्डर सैल आहे का ते बघा, आणि गाडी चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावा. साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या दरम्यान आकडा हवा. त्याच्यावर गेला तर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) तपासून घ्या. व्होल्टेज थोडंसं वाढलं तरी बल्बाचं आयुष्य निम्म्यावर येतं.

टेललाईटमध्ये पावसाळ्यात थोडी वाफ धरते, ती ऊन पडल्यावर जाते. लॅम्पला हवेसाठी छोटी भोकं दिलेली असतात. तळाला पाणी साठत असेल तर गॅस्केट (कडेची रबरी पट्टी) बदला. सिलिकॉननं सगळीकडून लिंपून टाकलं तर ती भोकंही बंद होतात आणि आतलं पाणी आतच राहतं.

भिंतीवर उजेड बघा

हे काम लोक सोडून देतात आणि मला तेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. बल्ब काढण्याआधीच गाडी भिंतीसमोर उभी करून चालू असलेल्या डिपरच्या उजेडाची वरची कड भिंतीवर मास्किंग टेप लावून खूण करून ठेवा. चाकाखाली खडूनं खूण करा. बदलल्यावर गाडी त्याच खुणेवर आणा. नव्या बल्बाची कड त्याच टेपवर आली पाहिजे आणि दोन्ही बाजूंची उंची सारखी हवी. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून आपल्या हेडलाईटचा उजेड डावीकडं थोडा वर चढतो. रस्त्याची कड आणि कडेनं चालणारी माणसं दिसावीत म्हणून. उजव्या बाजूला कड सपाट राहते, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. कड वर चढली असेल किंवा उजेड विस्कटलेला दिसला तर लॅम्पचा स्क्रू फिरवू नका. आधी बल्ब काढून परत बसवा. दहांतल्या नऊ वेळा तो तिरका बसलेला असतो.

हॅलोजनच्या लॅम्पमध्ये एलईडीचा बल्ब घालू का, हे मला कायम विचारतात. मी नको म्हणतो. तो लॅम्प बारीक तारेभोवती घडवलेला आहे. एलईडीत उजेड चपट्या पट्टीवरून येतो आणि आरसा तो नीट पकडत नाही. भिंतीवर उजेड पांढरा आणि भरपूर दिसतो, पण कड राहत नाही. करूळ घाटात वळणावर समोरून असा उजेड डोळ्यांत येतो तेव्हा काही क्षण रस्ताच दिसत नाही. आपणही दुसऱ्याला तेच देऊ नये. काच पिवळी पडली असेल तर ती पॉलिश करून घ्या, त्यानं मिळणारा उजेड बऱ्याचदा महागड्या बल्बपेक्षा जास्त असतो.

उरलेला चांगला जुना बल्ब नव्याच्या डब्यात घालून कपड्यात गुंडाळून गाडीत ठेवा, हातमोज्यांच्या एका जोडीसकट. गेलेला हॅलोजन बल्ब मात्र उघडा कचऱ्यात टाकू नका. आत दाबाखाली वायू असतो, फुटला तर काच उडते. वर्तमानपत्राच्या दोन-तीन पानांत गुंडाळा, वर टेप लावा आणि कचरा नेणाऱ्याच्या हातात ‘काच आहे’ असं सांगून द्या. आणि मास्किंग टेपच्या एका तुकड्यावर तारीख, बाजू आणि कोड लिहून तो बॉनेटच्या आत चिकटवा. माझ्या गाडीत आता तसे सात तुकडे आहेत.